खाडाखोडीचा कलावंत

बँकेत नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात शाखेतल्या अकाउंटंटसाहेबांनी मला एक धडा दिला होता. लेजरमध्ये आकडा चुकला तर तो गिरवून दुरुस्त करायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचा चुकलेला आकडा स्वच्छ वाचता यावा. शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि त्याला अधिकाऱ्याची छोटी सही घ्यायची. पुढं मी स्वतःच अधिकारी झालो आणि पस्तीसेक वर्षं दुसऱ्यांच्या खाडाखोडींवर सह्या करत राहिलो. ज्याच्या पानावर खाडाखोड जास्त, तो माणूस कच्चा, हा हिशेब डोक्यात इतका पक्का बसला की रात्री घरी कादंबरी लिहायला बसलो तरी तो सुटत नसे. तिशीत एक कादंबरी मी दीडशे पानांवर सोडून दिली, ती याच कारणानं. पान स्वच्छ उतरत नव्हतं. खऱ्या लेखकाला आतून सुचतं, आपल्याला सुचत नाही, तेव्हा आपण खरे नव्हेत, असं मी ठरवून टाकलं आणि फाइल माळ्यावर टाकली.

खरा कलावंत म्हणून त्या काळात माझ्या डोळ्यांपुढं एकच माणूस होता, चार्ली चॅप्लिन. फिल्म सोसायटीच्या खेळाला, लोखंडी खुर्चीत बसून 'सिटी लाइट्स' पाहिला, तेव्हा मला वाटलं होतं की हा माणूस कॅमेऱ्यासमोर येतो आणि त्याला आपोआप सगळं घडतं. आपल्या तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या समोरच्याचा शब्द झेलून जसा परतवतो, तसंच काहीतरी. हातात संहिता नाही, पाठ केलेलं काही नाही, सगळं त्या क्षणाचं. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं कळायला मला बरीच वर्षं लागली आणि आज लिहायचंय ते त्या उरलेल्या अर्ध्याविषयी.

उत्स्फूर्तपणा मात्र त्याच्यात अगदी बालपणापासून होता, हे त्याच्या आत्मचरित्रावरून दिसतं. चॅप्लिनचा जन्म १६ एप्रिल १८८९ चा, लंडनचा. आईवडील दोघंही म्युझिक हॉलमध्ये गाणारे. वडील दारूच्या आहारी गेलेले आणि घरापासून तुटलेले. आई हॅना हिचा आवाज अधूनमधून दगा देऊ लागला होता. आल्डरशॉटच्या एका थिएटरात, समोर सैनिकांचा दंगेखोर प्रेक्षक असताना, तिचा आवाज गाता गाता फुटला. लोकांनी हुर्यो केली. व्यवस्थापकानं विंगेत उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या चार्लीला हाताला धरून रंगमंचावर आणलं. पोर गायला लागलं. पैसे पडू लागले. तेव्हा त्यानं गाणं थांबवलं आणि आधी पैसे गोळा करतो, मग पुढचं गातो, असं जाहीर केलं. प्रेक्षक हसून लोटपोट झाले. त्या भरात त्यानं आईची नक्कलही केली, तिचा फुटलेला आवाज काढून. त्यावरही हशा पिकला. तो आईचा रंगमंचावरचा शेवटचा प्रवेश आणि मुलाचा पहिला, असं त्यानं लिहून ठेवलंय. पहिलाच विनोद आयत्या वेळी सुचलेला, आणि तो आईच्या दुःखावर उभा.

पुढची काही वर्षं वाचवत नाहीत. १८९६ मध्ये आई आणि दोन मुलं लॅम्बेथच्या अनाथालयवजा वर्कहाउसमध्ये गेली. तिथून मुलांची रवानगी हॅनवेलच्या गरीब मुलांच्या शाळेत झाली. वडील १९०१ मध्ये, चाळिशीही न गाठता, गेले. आईचं मन ढळत गेलं आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. शाळा जवळजवळ नाहीच. नऊ-दहा वर्षांचा असताना चार्ली लाकडी तळव्यांचे बूट घालून नाचणाऱ्या मुलांच्या एका मेळ्यात शिरला. मग शेरलॉक होम्सच्या नाटकात बिली नावाच्या पोऱ्याचं काम मिळालं. १९०८ मध्ये तो फ्रेड कार्नोच्या मंडळीत दाखल झाला. कार्नोची मूकनाट्यं प्रयोगामागून प्रयोग करत घासूनपुसून घड्याळासारखी चालवलेली असत. हसवणं ही मेहनतीनं जमवण्याची गोष्ट आहे, हे चार्ली तिथं शिकला.

याच वयात त्यानं व्हायोलिन आणि चेलो उचलले. तो डावखुरा. त्यासाठी व्हायोलिनच्या तारा उलट्या बांधून घेतल्या होत्या. दिवसाला चार-चार, सहा-सहा तास तो वाजवत बसे. नोटेशन वाचणं मात्र तो कधीच शिकला नाही. मोठा वादक होण्याचं स्वप्न होतं, ते जमणार नाही हे कळल्यावर त्यानं सोडून दिलं. हा तपशील वाचला, तेव्हा मला माझी माळ्यावरची फाइल आठवली. फरक एवढाच की त्यानं वादक होणं सोडलं, संगीत सोडलं नाही.

कार्नोच्या दौऱ्यावर तो अमेरिकेत गेला आणि १९१३ च्या अखेरीस कीस्टोन कंपनीनं त्याला आठवड्याला दीडशे डॉलरवर घेतलं. कीस्टोनमध्ये पटकथा म्हणून काही नसे. एखादी कल्पना घ्यायची, बागेत किंवा रस्त्यावर जायचं, गोंधळ घालायचा आणि शेवटी पाठलाग. ढगळ पँट, आखूड कोट, मोठे बूट, छोटी मिशी, हॅट आणि काठी हा वेश इथंच, १९१४ च्या सुरुवातीला, कपड्यांच्या ढिगातून घाईघाईत जमला. लोकांनी तो प्रथम पाहिला तो मुलांच्या मोटारगाड्यांच्या शर्यतीवरच्या एका छोट्या पटात. खऱ्या शर्यतीला जमलेल्या खऱ्या गर्दीत एक माणूस सारखा कॅमेऱ्याच्या आड येतो, एवढीच गोष्ट. त्या वर्षात त्यानं पस्तीस-छत्तीस पटांत काम केलं आणि काही महिन्यांतच दिग्दर्शनही स्वतःकडं घेतलं.

बँकवाल्याची नजर आकड्यांवर जातेच. १९१५ मध्ये दुसऱ्या कंपनीत आठवड्याला साडेबाराशे डॉलर. १९१६ मध्ये म्युच्युअल कंपनीत आठवड्याला दहा हजार, शिवाय दीड लाखाचा बोनस. वय सव्वीस. या पैशात त्यानं जे विकत घेतलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यानं चुका करण्याचा वेळ विकत घेतला.

हे जगाला कळलं ते त्याच्या मृत्यूनंतर. आपले वाया गेलेले तुकडे नष्ट करावेत अशी चॅप्लिनची इच्छा होती. ते सगळे नष्ट झाले नाहीत. केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल या दोघांनी उरलेल्या रिळांवरच्या पाट्यांचे क्रमांक लावून, कुठला शॉट आधी आणि कुठला नंतर, हे जुळवत १९८३ मध्ये 'अननोन चॅप्लिन' ही तीन भागांची मालिका केली. मी ती बऱ्याच वर्षांनी एका मित्राकडं कॅसेटवर पाहिली. पाहताना मला माझ्या अकाउंटंटसाहेबांची आठवण झाली. खालचा चुकलेला आकडा अखेर वाचता आला होता.

१९१७ सालचा 'द इमिग्रंट' घ्या. आज आपण तो पाहतो तेव्हा आधी जहाज, त्यावरचे गरीब निर्वासित, मग न्यूयॉर्क, मग हॉटेलातला प्रवेश. पण चॅप्लिननं सुरुवात केली ती हॉटेलापासून. एक भुकेला माणूस, एक मुलगी, एक वेटर. पुढं काय, त्यालाही माहीत नव्हतं. तो कॅमेरा चालू ठेवून सुचवत, करून बघत, मोडत जायचा. आपण कागदावर कच्चा मसुदा करतो, तो फिल्मवर करायचा. वेटरचं काम आधी हेन्री बर्गमनकडं होतं. त्याची पुरेशी भीती वाटेना. मग धिप्पाड एरिक कॅम्बेलला आणलं आणि सगळं पुन्हा चित्रित केलं. खिशातलं नाणं भोकातून पडलेलं आहे आणि बिल तर द्यायचं आहे, हा प्रसंग त्या वेटरच्या धाकामुळं जिवंत झाला. मग प्रश्न आला, ही दोघं मुळात कोण? कुठून आली? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जहाज आलं. म्हणजे गोष्टीची सुरुवात शेवटी सुचली. वीस-पंचवीस मिनिटांच्या या पटासाठी सुमारे नव्वद हजार फूट फिल्म खर्ची पडली आणि त्यातली दोन हजार फुटांहून कमी ठेवली गेली.

आणि 'सिटी लाइट्स'. मी लोखंडी खुर्चीत बसून ज्याला आपोआप घडलेलं समजलो होतो, तो हा चित्रपट. १९२८ च्या अखेरीस चित्रण सुरू झालं आणि ३० जानेवारी १९३१ ला तो लॉस एंजेलिसमध्ये झळकला. अडचण एकाच जागी होती. आंधळी फुलवाली फाटक्या भटक्याला श्रीमंत समजते, हे एका शब्दाशिवाय दाखवायचं कसं? दिवस गेले, आठवडे गेले. नट बसून, तंत्रज्ञ बसून, पगार चालू. राल्फ बार्टन या चित्रकार मित्रानं त्या सेटवर स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्यानं टिपलेले तुकडे आहेत. त्यात चॅप्लिन फूल कसं धरायचं ते पुन्हा पुन्हा करून दाखवतो आहे, वैतागतो आहे, पुन्हा सांगतो आहे. शेवटी उत्तर सापडलं. वाहतुकीत अडकलेल्या मोटारीच्या एका दारातून शिरून तो दुसऱ्या दारातून फुटपाथवर उतरतो, दार बंद होतं, त्या आवाजावरून मुलगी समजते की हा मोटारवाला. म्हणजे मूकपटातलं कोडं सुटलं ते आवाजानं, आणि तो आवाज प्रेक्षकाला ऐकूही येत नाही. गिनीज बुकातल्या नोंदीप्रमाणं हा एक प्रसंग ३४२ वेळा चित्रित झाला.

या खाडाखोडीची किंमत तो एकटाच मोजत नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. फुलवालीचं काम करणाऱ्या व्हर्जिनिया चेरिलला त्यानं मध्येच काढून टाकलं. दुसरीला घेऊन पाहिलं. ते जमेना, तेव्हा चेरिलला परत बोलावलं. तिनं पगार दुप्पट मागितला आणि त्याला द्यावा लागला. सहकाऱ्यांवर तो हुकमत गाजवायचा, प्रत्येकाचं काम स्वतः करून दाखवायचा आणि तसंच्या तसं हवं म्हणायचा. घरातला हिशेब तर आणखी वाईट. पहिल्या दोन्ही बायका लग्नाच्या वेळी सोळा वर्षांच्या होत्या आणि दोन्ही संसार मोडले. दुसऱ्या घटस्फोटाचा १९२७ चा तमाशा वर्तमानपत्रांनी महिनोन्महिने चघळला. पडद्यावर मुलींना हळुवारपणे फूल देणारा माणूस आणि हा माणूस एकच आहे. प्रेमानं लिहिताना हे पान फाडून टाकता येत नाही.

'सिटी लाइट्स'पाशी त्याचं दुसरं आयुष्य सुरू झालं, संगीतकाराचं. तशी सुरुवात त्यानं १९१६ मध्येच केली होती. स्वतःच्या रचना छापण्यासाठी त्यानं संगीत प्रकाशन कंपनी काढली. त्यानंच सांगितल्याप्रमाणं दोन हजार प्रती छापल्या आणि खपल्या तीन. त्यातल्या दोन तर जिन्यावरून सहज जाणाऱ्यांनी घेतलेल्या. जगातला सर्वांत लोकप्रिय नट आणि खप तीन प्रतींचा! अशा खात्यावर आमच्या बँकेनं दुसऱ्यांदा कर्ज दिलं नसतं. पुढं मात्र बोलपट आला, चित्रपटाच्या पट्टीवर संगीत मुद्रित करता येऊ लागलं आणि संवाद नाकारणाऱ्या चॅप्लिननं ही सोय लगेच उचलली.

त्याची रीत तीच. नोटेशन येत नाही, म्हणून तो गुणगुणायचा, पियानोवर चाचपडायचा, पुन्हा गुणगुणायचा आणि शेजारी बसलेला जाणकार ते उतरवून घ्यायचा. 'सिटी लाइट्स'च्या वेळी आर्थर जॉन्स्टन, 'मॉडर्न टाइम्स'च्या वेळी डेव्हिड रॅक्सिन. रॅक्सिन तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्यानं धीटपणे मतं दिली म्हणून दीडेक आठवड्यात त्याला काढलं आणि पुन्हा घेतलं. मग खरा संगीतकार कोण, हा वाद निघतोच. माझ्या मते सूर, त्यांचा हट्ट आणि शेवटचा होकार चॅप्लिनचा होता, पण उतरवणाऱ्यांच्या हाताचं देणं मोठं आहे. आणि 'सिटी लाइट्स'मधली फुलवालीची धून तर मुळात होसे पादिया या स्पॅनिश संगीतकाराची होती. त्यानं फ्रान्समध्ये दावा लावला आणि जिंकला.

पण संगीताची त्याची समज वेगळी होती. विनोदी चित्रपटाला विनोदी संगीत नको, यावर तो ठाम होता. पडद्यावर माणूस घसरून पडत असेल तर वाद्यांनीही घसरायचं नाही, त्यांनी शालीन, हळवं राहायचं, म्हणजे त्या पडण्यातला माणूस दिसतो. १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये हे सगळं एकत्र आलं. त्याआधी, सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेल्या गांधीजींना तो पूर्व लंडनमधल्या एका छोट्या घरात भेटला होता आणि यंत्रांना त्यांचा विरोध का, हे त्यानं विचारलं होतं. यंत्रांमुळं हिंदुस्थान इंग्लंडवर अवलंबून राहिला, हा मुद्दा गांधीजींनी त्याला समजावून दिला. 'मॉडर्न टाइम्स'मधला कामगार यंत्राच्या दातांतून फिरून येतो, तेव्हा ही भेट आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याच चित्रपटाच्या शेवटाकडं भटक्याला हॉटेलात गाणं म्हणायचं असतं. शब्द पाठ होत नाहीत म्हणून ते शर्टाच्या कफांवर लिहिलेले. नाचाच्या पहिल्याच झटक्यात कफ उडून जातात. मग तो कुठल्याच भाषेत नसलेले शब्द जोडत गातो आणि लोक खुळे होतात. बावीस वर्षं मुका राहिलेल्या भटक्याचा आवाज जगानं प्रथम ऐकला तो असा. आल्डरशॉटला आईचा आवाज फुटला तेव्हा पाच वर्षांच्या पोरानं जे केलं, तेच हे. या चित्रपटातल्या त्याच्या धुनेला १९५४ मध्ये दुसऱ्या दोघांनी शब्द दिले आणि 'स्माइल' हे गाणं जगभर पसरलं.

पुढं बोलपट त्यालाही करावे लागले आणि पूर्ण पटकथाही लिहाव्या लागल्या. १९४० चा 'द ग्रेट डिक्टेटर' हिटलरची उघड टवाळी करणारा होता. १९४७ च्या 'मस्य व्हर्दू'चा नायक मात्र मला आजही झोपू देत नाही. तो बँकेतला कारकून आहे. वर्षानुवर्षं इमानानं आकडे लिहिल्यावर मंदीत त्याला काढून टाकलंय, आणि तो श्रीमंत बायकांशी लग्नं करून त्यांचे खून करतो, तेही व्यवस्थित, हिशेबानं. अमेरिकेला तो चित्रपट रुचला नाही. चॅप्लिन कम्युनिस्टधार्जिणा आहे, अशी कुजबूज आधीपासून होतीच. सप्टेंबर १९५२ मध्ये 'लाइमलाइट'च्या प्रदर्शनासाठी तो कुटुंबासह बोटीनं लंडनला निघाला आणि बोट समुद्रात असतानाच अमेरिकेनं त्याचा परतीचा परवाना रद्द केला. चाळीस वर्षं तिथं काढून त्यानं नागरिकत्व घेतलेलं नव्हतं. चौथी पत्नी ऊना आणि मुलं यांच्यासह तो स्वित्झर्लंडमध्ये व्हेव्हेजवळ राहू लागला.

१९७२ मध्ये अमेरिकेनं त्याला मानाचं ऑस्कर द्यायला परत बोलावलं. सभागृह कितीतरी मिनिटं उभं राहून टाळ्या वाजवत होतं. दुसऱ्या वर्षी त्याहून विलक्षण गोष्ट घडली. 'लाइमलाइट' लॉस एंजेलिसमध्ये पूर्वी रीतसर लागलाच नव्हता, तो १९७२ मध्ये लागला. त्यामुळं वीस वर्षांपूर्वीचा चित्रपट नियमात बसला आणि १९७३ च्या समारंभात चॅप्लिनला ऑस्कर मिळालं. स्पर्धेत जिंकलेलं त्याचं हे एकमेव ऑस्कर. अभिनयाचं नव्हे, दिग्दर्शनाचं नव्हे, संगीताचं! नोटेशन न वाचणाऱ्याला, तीन प्रती खपलेल्याला. त्याच्याबरोबर ज्या दोन साथीदारांची नावं होती, ते रेमंड रॅश आणि लॅरी रसेल तोवर हयात नव्हते.

शेवटची वर्षं त्यानं कशी घालवली, हे मला या सन्मानापेक्षा मोलाचं वाटतं. तो आपल्या जुन्या मूकपटांकडं परत गेला. संगीतसाहाय्यक एरिक जेम्सला शेजारी बसवून एकेका पटाला नवं संगीत देऊ लागला. 'द सर्कस' चाळीस वर्षांनी पुन्हा काढला तेव्हा सुरुवातीचं गाणं ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्यानं स्वतः गायलं. १९७१ मध्ये 'द किड'ला संगीत देताना त्यानं त्यातले काही प्रसंग कापून टाकले. पन्नास वर्षांपूर्वी जगानं डोक्यावर घेतलेल्या चित्रपटात अजून खाडाखोड! १९७६ मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यानं 'अ वूमन ऑफ पॅरिस' या १९२३ च्या चित्रपटाचं संगीत पुरं केलं. तेच त्याचं शेवटचं काम. २५ डिसेंबर १९७७ ला, नाताळच्या पहाटे, तो गेला.

निवृत्तीनंतर एकदा माळा साफ करताना ती फाइल हाती आली. कागद पिवळे पडलेत, शाईचा रंग उतरलाय. दीडशे पानांत खाडाखोड अशी फारशी नाहीच. जिथं अडलो तिथं मी थांबलो होतो, मोडून पाहिलं नव्हतं. आता पहिलं प्रकरण नव्यानं लिहितो आहे. नायकाची ओळख कुठून करून द्यावी ते अजून सापडलेलं नाही. पाचव्यांदा लिहून झालं. रेघ आडवी मारतो, खालचं वाचता येईल अशी. सहीला मात्र आता कुणी अधिकारी नाही.